कुशीवर

घडी उलगडताना हात थांबला की गिऱ्हाईक गेलं, असं आमच्या दुकानाचे मॅनेजर सांगतात. माझा हात कधी थांबत नाही. मिठाई गल्लीतल्या दुकानात पहिल्या मजल्यावर, लग्नाच्या रेशमी साड्यांच्या काउंटरवर मी दिवसभर उभी असते. तोंडाचं बोलणं चालू, हातांचं उलगडणं चालू, आणि मी स्वतः भलतीकडेच. पण त्या मंगळवारी हात थांबला. बायकांचा एक घोळका जिना चढून वर आला, नवऱ्याकडच्या पुढे, मुलीकडच्या मागे. आमच्याकडे लग्नाची साडी नवऱ्याकडचे घेतात, म्हणून त्यांच्या माना ताठ. आणि सगळ्यांत शेवटी, पर्स छातीशी धरून, एलत्तूरची रोहिणीचेच्ची, म्हणजे रोहिणीताई. मी तोंडभर हसले. "या चेच्ची" म्हणणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जणू तिथं नाहीच, माझ्यामागचं कपाटच तेवढं आहे. मग शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "लाल नको. थोडी डाळिंबी असेल तर दाखव." दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, मी तिच्या नवऱ्याची जखम धुतली होती आणि संध्याकाळी त्याला समुद्र दाखवून आणला होता.

गिऱ्हाईक ओळख देत नाही याचं मला काही वाटत नाही. इथं रोज शंभर बायका मला "ए, ती दाखव" म्हणतात आणि बाहेर पडताना माझा चेहराही विसरतात, तसंच असावं. पण रोहिणीचेच्चीच्या स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात मीठ आहे हे मला ठाऊक आहे. तिच्या नवऱ्याच्या अंगावर कुठं कुठं तीळ आहेत हे तिच्याइतकंच मला ठाऊक आहे. तेव्हा ती नजर मला झोंबली, खोटं कशाला बोलू. नवरदेवाची आई माझ्याच समोर येऊन बसली, गोरी, ठसठशीत, हातात रुमाल. साडीचा पदर बोटांत चोळत सहज सांगू लागली, जसं सगळ्याच सांगतात. मुलगी चांगली आहे, बी.एड. झालीय. वडील तेवढे माडावरून पडले होते, माडी काढायचे ते. पण आता कोट्टक्कलला आयुर्वेदाचे उपचार चालू आहेत, तेलाचे, लग्नात उभे राहून मुलीचा हात देणार आहेत म्हणे. मी मान वर केली. रोहिणीचेच्ची माझ्याकडेच बघत होती. आता मी तिच्यासाठी अगदी पुरती तिथं होते. तिच्या नवऱ्याला कमरेखाली सुई टोचली तरी कळत नाही, सहा वर्षं झाली; पाठीच्या शेवटच्या मणक्याशी जी जखम आहे तिच्यात माझी मूठ जाईल. "तेलानं गुण येतो, अम्मा," मी म्हटलं. "ही डाळिंबी बघा, काठाला सोनेरी आहे, उन्हात खुलेल." त्यांनी तीच साडी घेतली. माझ्याकडून घेतलेली साडी कुणी परत आणत नाही.

आमच्या गटाचा नियमच आहे, घरात पाहिलं ते घरातच ठेवायचं. गट म्हणजे फार काही नाही, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी पोरंपोरी: कुणी कॉलेजात, कुणी दुकानात, एक जण केस कापणारा. रविवारी सकाळी दवाखान्याची व्हॅन निघते, तिच्यात एक नर्स आणि आम्ही. जखमा धुतो, नखं काढतो, लघवीची पिशवी बदलतो, अंघोळ घालतो. आमच्या शहरात हे इतकं रुळलेलं आहे की माझी आई, उम्मा, मला बोल लावते तो परक्या पुरुषांच्या जखमा धुतेस म्हणून नाही, तर रविवारी घरच्या मटणाला हात लावत नाहीस म्हणून. पहिल्या दिवशी नर्सनं आम्हांला काय शिकवलं होतं, तर काहीच नाही. तिनं मला पलंगावर झोपवलं आणि म्हणाली, आता दुपारभर हलायचं नाही, काय हवं ते दुसऱ्याला सांगायचं. मला वाटलं, बरं झालं, दुकानात उभं राहून पाय मोडतात, जरा पडते. थोड्याच वेळात माझ्या नाकावर खाज सुटली. मी सांगितलं, एका पोरानं खाजवलं. चुकीच्या जागी. जरा वर म्हटलं, तर तो कपाळापर्यंत गेला. जरा खाली म्हटलं, तर ओठावर आला. पुन्हा सांगायची मला लाज वाटली, आणि ती खाज घेऊन मी पडून राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. नंतर सगळे हसत होते. मी नाही हसले. मला तेव्हा कळलं की दुसऱ्याचा हात कितीही मायेचा असला तरी जागा चुकतो, आणि पडलेला माणूस तिसऱ्यांदा सांगत नाही. तेवढं एक शिकून मी हे काम करते आणि चांगलं करते. मला त्याचा अभिमान आहे. असू नये असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन जखम धुऊन दाखवावी.

रोहिणीचेच्चीच्या नवऱ्याचं नाव कुंजिरामन, सगळं एलत्तूर त्यांना रामेट्टन, म्हणजे रामदादा, म्हणतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते आमच्याशी बोललेच नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि खोलीत तो वास. वासाचं मी सांगते, कारण त्या घरातलं सगळं त्या वासाभोवती फिरायचं. उदबत्त्या, फिनेल, दारात ठेवलेली निलगिरीची बाटली. औषधाची एक गोळी कुटून तिची पूड जखमेत भरली की वास मरतो, हे नर्सनं दाखवलं, आणि महिनाभरात खरंच मरत आला. ज्या दिवशी रोहिणीचेच्चीनं खिडकीचा पडदा काढून धुतला त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी केलं. आम्ही यायच्या आधी प्रजिनाला, त्यांच्या मुलीला, एक स्थळ बघायला आलं होतं. नवऱ्याकडची माणसं ओसरीवर बसली, चहा प्याली, आणि एका म्हातारीनं पदर नाकाला लावून विचारलं, घरात काही मेलंय का. पलीकडे भिंतीआड रामेट्टन सगळं ऐकत होते. ते स्थळ फिरलं. तेव्हापासून रोहिणीचेच्ची काथ्याच्या सोसायटीत कामाला जाता येता कुणाशी दोन शब्द जास्त बोलत नाही. आणि कोट्टक्कलच्या तेलाची थाप तिथूनच उगवली असणार. मला तिचा राग आला होता दुकानात, पण संध्याकाळी बसमध्ये उभी असताना तो विरघळला. पोरीचं लग्न होण्यासाठी कुणी नवऱ्याला कागदावर उभं करत असेल, तर करू दे. माझं काय जातं, असं मी मनाशी म्हटलं. आणि तरी घरी जाऊन जेवले नाही.

कारण तो रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आम्ही वर्षातून एकदा चाकाच्या खुर्च्या भाड्याच्या बसमध्ये घालतो आणि खिळलेल्या माणसांना समुद्रावर नेतो. रामेट्टन दोन वर्षं नाही म्हणत होते. या वेळी आपण होऊन हो म्हणाले. खुर्चीची चाकं वाळूत रुततात म्हणून पोरं चौघं चौघं मिळून खुर्ची उचलतात. एल्दोनं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या सगळ्यांत नव्या पोरानं, पुढचं डावं चाक धरलं होतं आणि तो इतका हसत होता की खुर्ची हेलकावत होती. रामेट्टननं मिठात मुरवलेलं अननस मागितलं, तिखट लावून. खाताना नाक वाहू लागलं, ते मी पुसलं. "पाण्याचा रंग बदललाय," ते म्हणाले. मग बराच वेळ किनाऱ्यावरच्या माडांकडे बघत होते. एकेका माडाचं नाव घ्यावं तशी बोटं हलत होती. "तो तिसरा, वाकलेला. त्याची पोय चांगली पाझरणार. कुणी चढत नाही बहुतेक." हातानं हवेत पोयीवर, फुलोऱ्याच्या कोंबावर, हलके हलके ठोकत होते, जसं माडी काढणारे ठोकतात. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही. मग फोटो काढला. मग ते एल्दोला जवळ बोलावून काहीतरी म्हणाले, मी तेव्हा दुसऱ्या म्हातारीला पाणी पाजत होते. मला वाटलं, पिशवी भरली असेल.

गुरुवारी तो फोटो पेपरात आला. स्थानिक बातम्यांच्या पानावर, अगदी वर. रामेट्टन मध्यभागी, खुर्चीत, पाय फळीवर लुळे, लघवीची पिशवी खुर्चीच्या दांड्याला अडकवलेली सरळ दिसतेय. आजूबाजूला आम्ही सगळे दात काढून. खाली नाव, गाव, आणि माडावरून पडून सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले असं स्वच्छ अक्षरात. दुकानातल्या मुलींनी माझ्यापुढे आणून धरला, शहला, तुझा फोटो आला, पेढे दे. काउंटरमागे आता कायद्यानं स्टूल ठेवलेलं असतं, त्यावर कुणी बसलं की मॅनेजर खोकतात. मी बसले आणि ते खोकले नाहीत. आमच्यासारख्या पोरांची ही एक खोड आहे. कुणाचं भलं केलं की फोटो काढल्याशिवाय ते भलं पूर्ण झालंसं वाटत नाही. मी ही खोड गटातून उपटून काढली होती, निदान मला तसं वाटत होतं. संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात सगळे जमले, कापसाचे बोळे आणि पट्ट्या करायला, दर गुरुवारी करतात तशा. मी विचारलं, पेपरात कुणी दिला. एल्दो उभा राहिला.

"मी दिला, इत्ता." गटातली पोरं मला इत्ता म्हणतात, म्हणजे ताई.

"विचारून?"

त्यानं हातातली पट्टी उलगडली.

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग? हिरो व्हायचं होतं? आईला दाखवायचा होता?" मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, पण माझं तोंड सुटलं की उम्मासुद्धा घरातून बाहेर जाते. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. एक शब्द बोलला नाही. पट्टीची घडी घालत राहिला, चुकीची. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, रविवारपासून तू येऊ नकोस. त्याच्या त्या गप्प राहण्याचा मला जास्त राग आला. दोषी माणसानं निदान रडावं किंवा भांडावं. तो उठला, चपला घातल्या, आणि गेटपाशी जाऊन पुन्हा मागे आला, कारण छत्री विसरला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, बघता काय, पट्ट्या करा.

रविवारी दार बंद होतं. आम्ही व्हॅन नेहमी गल्लीच्या तोंडाशी ठेवतो, दवाखान्याचं नाव तिच्यावर मोठ्या अक्षरात आहे म्हणून, आणि चालत जातो. मी ठोठावलं. रोहिणीचेच्चीनं दार अर्धंच उघडलं आणि त्या फटीत स्वतः उभी राहिली.

"आज नको," ती म्हणाली. "पुढेही नको."

"चेच्ची, जखम..."

"मी बघेन. सहा दिवस मीच बघते. तुम्ही सातव्या दिवशी येता." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "तुमचं पुण्य तुमच्या घरी न्या. पेपरात छापायला आणखी कुणीतरी मिळेल तुम्हांला. या एलत्तुरात लंगडे पांगळे कमी नाहीत."

"नवऱ्याकडच्यांनी काही..."

"अजून काही म्हटलं नाही. म्हणजे म्हणतील." आणि तिनं दार लावलं. आतून रामेट्टनचा आवाज आला, "कोण आहे?" आणि तिचा, "कुणी नाही." व्हॅनपर्यंत चालत जाताना नर्स म्हणाली, होतं असं, शहला, दारं बंद होतात, पुन्हा उघडतात. मला तिचं ते शहाणपण नको होतं. मला आत जाऊन पट्टी काढायची होती. मला ठाऊक होतं की रोहिणीचेच्ची पट्टी वरची वर बदलेल, आतला बोळा काढणार नाही, कारण आत बघायचा तिला धीर होत नाही. सहा वर्षांत तिनं ती जखम एकदाही नीट पाहिलेली नाही. दिवसभर काथ्या वळते, नवऱ्याला भरवते, पुसते, उचलते, त्याच्यासाठी रडते, पण पाठीकडे जाताना डोळे मिटते. त्याबद्दल मी तिला कधी नाव ठेवलं नाही. माणसाला जेवढं बघवतं तेवढंच बघवतं.

पुढचा आठवडा माझ्या हातांना काही सुचेना. साड्या उलगडत होते, पण बोटांना सारखं वाटायचं की रेशमाखाली काहीतरी ओलं आहे. एकदा मी बोट नाकाशी नेलं, एका गिऱ्हाइकानं बघितलं. मनात तेच तेच. आपण गेलो नसतो तर? पडदा तसाच राहिला असता, उदबत्त्या जळल्या असत्या, थाप टिकली असती, लग्न झालं असतं. आम्ही त्यांना समुद्र दाखवला आणि त्याची किंमत प्रजिना भरणार. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, अगं पण आम्ही नसतो तर ते कधीच मेले असते, रक्तात विष होऊन, ही काय गोष्ट आहे का विसरण्याची. माझं हे दुसरं मन नेहमी जोरात बोलतं आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं असतं. तरी त्या आठवड्यात ते मला पटवू शकलं नाही. शनिवारी दुपारी, गर्दी जरा ओसरली असताना, प्रजिना जिना चढून वर आली. एकटीच, घाईघाईनं चालून आलेली, कपाळावर घाम.

"आई संध्याकाळपर्यंत सोसायटीत आहे," ती म्हणाली. "चल ना. वास परत सुटलाय. अच्छन काल जेवले नाहीत. तुलाच बोलवा म्हणताहेत." वडिलांना ती अच्छन म्हणते.

"आणि तुझ्या सासरचे?"

"अजून कुणी काही बोललं नाही. फोनही नाही." तिनं समोरच्या साडीची कड बोटानं सरळ केली. "विनेशनंसुद्धा केला नाही. तो रोज करायचा." मी मॅनेजरकडे गेले आणि डोकं दुखतंय म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून जा म्हटलं.

व्हॅन नाही, नर्स नाही, गटाचा शर्ट नाही. पिशवीत पट्ट्या, बोळे, मिठाचं उकळलेलं पाणी आणि कुटलेली गोळी. बसनं एलत्तूर. खोलीत शिरले तर पडदा पुन्हा लावलेला. मी आधी तो सरकवला. रामेट्टन माझ्याकडे बघत होते, गालांची हाडं वर आलेली, डोळे मात्र चांगले जागे. "आलीस," ते म्हणाले. "एल्दोला काढलंस म्हणे."

"काढलं. नियम मोडला त्यानं. तुम्हांला कुणी सांगितलं?"

"त्याचा फोन आला होता प्रजिनाला, माझी चौकशी करायला. पोरगा काही बोलला नाही ना तुला?"

"काय बोलणार? तोंड होतं का त्याला?"

"तोंड होतं. मी शिवून टाकलं होतं." ते हसले, आणि हसताना खोकला आला, मी मान उचलून धरली. "फोटो मीच द्यायला सांगितला. नाव घाल म्हटलं, गाव घाल म्हटलं. आणि खुर्ची नीट दिसू दे, पिशवी झाकू नकोस. तो बिचारा पिशवीवर टॉवेल टाकत होता, मी काढायला लावला."

मी पलंगाच्या कडेला बसले. सांगते, मला आधी राग आला, तोही स्वतःसाठी. "मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस. तू नियमाची बाई. एल्दो अजून कच्चा आहे, कच्च्याला सांगितलं की तो करतो."

"लग्न मोडलं तर?"

"तर मोडेल." हे म्हणताना त्यांनी डोळे छताकडे नेले. "मोळे, पोरी, मी तेल लावून उठणार, या कबुलीवर माझी पोरगी नांदायला जाणार. पहिल्या सणाला विचारतील, बाप कुठाय? ती एक थाप मारेल. दुसऱ्या सणाला दुसरी. मी मेल्यावर तिला सांगावं लागेल की अच्छन चालायला लागले होते आणि मग मेले. मला इथं पडून दुसरं काम नाही, मी हे सगळं ऐकत पडलोय. रोहिणीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, तुम्ही गप्प पडा. पडलो गप्प. मग तुम्ही पोरं समुद्रावर नेणार म्हणालात, तेव्हा म्हटलं, हे बरं आहे, यांना फोटो काढायची हौस असतेच."

आम्ही खुर्ची उचलली, नाक पुसलं, अननस भरवलं, आणि समजत होतो की आज आपण या माणसाला काहीतरी दिलं. तो माणूस आमचे हात वापरून आपलं काम उरकत होता, आणि जागाही त्यानं अचूक साधली होती. मला हसू यायला लागलं, आणि खूप बरं वाटलं, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. एल्दोला रविवारी बोलवायचं मी तिथंच ठरवलं. माफी मागायची की नाही ते नाही ठरवलं. "चला, कुशीवर वळा," मी म्हटलं, म्हणजे मलाच वळवायचं होतं, आणि प्रजिनाला हाक मारली धरायला. ती ओसरीवर होती. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

प्रजिनाचा होणारा नवरा, विनेश, मी पूर्वी पाहिला नव्हता. वडकरा रस्त्यावर खासगी बसमध्ये कंडक्टर, दंड भरलेले, बोलताना डोकं जरा खाली घालायची सवय. तो दारात उभा राहिला आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. प्रजिना त्याच्यामागे, भिंतीला टेकून, श्वास रोखून. वास त्याला लागला असणार, कारण नाकपुड्या एकदा हलल्या.

"आई म्हणाली, डोळ्यांनी बघून ये," तो म्हणाला. सरळ बोलला, ते मला आवडलं.

"मग बघ," रामेट्टन म्हणाले. "पण या खोलीत नुसतं बघायला कुणी येत नाही. हात धू. हिला एकटीला मला कुशीवर धरता येत नाही."

तो माझ्याकडे बघू लागला. मी काही मदत केली नाही. मी म्हटलं, "विहीर मागे आहे. साबण घेऊन कोपरापर्यंत धुवा." तो गेला. रहाटाचा आवाज आला. परत आला तेव्हा शर्टाच्या बाह्या वर, हात टपटपत होते. मी त्याला दाखवलं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आपल्याकडे ओढायचं आणि सोडायचं नाही. त्यानं धरलं. ताकद होती, पण हात घाबरलेले होते. मी पट्टी काढली, वरची, मग आतला बोळा, जो जवळजवळ दोन आठवडे आत होता. तो निघाला तसा वास खोलीभर उभा राहिला. विनेशचा चेहरा पांढरा पडला. "एक मिनिट," तो म्हणाला.

"एक मिनिट नाही. आत्ता सोडलंत तर ते जखमेवर पडतील."

त्यानं सोडलं नाही. मान वळवली, डोळ्यांतून पाणी आलं, गळ्याची घाटी वरखाली झाली, पण हात तिथंच. मी धुतलं. पाणी, पुसणं, पुन्हा पाणी. मग पाठीला उशी लावली आणि म्हटलं, आता सोडा. तो धावत बाहेर गेला. सुपारीच्या झाडापाशी ओकल्याचा आवाज आत स्पष्ट आला. रामेट्टनचे डोळे मिटलेले होते. "गेला," ते म्हणाले. प्रजिना दारात तशीच उभी होती, तिनं वळून बाहेर पाहिलंसुद्धा नाही. मी मोटारसायकलच्या आवाजाची वाट बघत होते, आणि पहिल्यांदा मला त्या पोरीची भीती वाटली, तिच्यासाठी वाटली, कारण ती रडत नव्हती. पुन्हा रहाट वाजला. गुळण्या केल्या, हात धुतले, पुन्हा साबण. तो आत आला, हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि न विचारता त्यानं पुन्हा खांद्याखाली हात घातला.

"अजून पूड भरायची आहे ना?" तो मला म्हणाला. "प्रजिनानं फोनवर सांगितलं होतं एकदा. पूड असते म्हणून."

म्हणजे तिनं सांगितलं होतं. किती सांगितलं होतं, कधी, ते मी विचारलं नाही. रामेट्टननं डोळे उघडून पोरीकडे पाहिलं, आणि तिनं नजर खाली घातली नाही.

"ओकलास," रामेट्टन म्हणाले.

"ओकलो, अच्छन. वासानं ओकारी आली. लग्नाशी त्याचा काय संबंध?"

"आईला हेही सांगशील?"

"तिनं बघून ये म्हटलंय. बघितलं ते सगळं सांगेन. ओकलो तेही." मग पकड सावरत, "फक्त हॉलचं काय करायचं ते सांगा. बुक केलाय तो दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे, खुर्ची वळणार नाही."

मी तोंड उघडलं. आमची पोरं आहेत, चौघं उचलतील, जिना काय, असं म्हणणार होते, कारण आमची पोरं खरंच उचलतील. पण दारातून दुसरंच कुणी बोललं. रोहिणीचेच्ची होती, सोसायटीतून तशीच आलेली, कुणीतरी निरोप दिला असेल; पदराला, केसांना, भुवयांनासुद्धा काथ्याची कुसळं लागलेली. ती कधीपासून उभी होती ठाऊक नाही. ती विनेशकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती, उघड्या जखमेकडे, डोळे न मिटता.

"हॉल नको," ती म्हणाली. "अंगणात मंडप घालू. हे आतून सरळ बाहेर येतील, पायरी एकच आहे." तिचा आवाज फुटला, तिनं तो सावरला. "तुझ्या आईला सांग, मी खोटं बोलले होते. आणि सांग की वास येईल. पूड भरली तरी थोडा येतो. ज्यांना चालेल त्यांनी जेवायला यावं."

माझ्या हाताखाली रामेट्टनची पाठ थरथरायला लागली, खांद्यापासून, जिथवर त्यांना कळतं तिथवर. विनेशनं पकड घट्ट केली. माझ्या बोटांना पूड लागलेली होती, जखम अर्धी भरून झाली होती.

"हलू नका," मी म्हटलं. "माझं काम अजून झालेलं नाही."